इलेक्ट्रिक रेसिंग टीममध्ये येताय? आधी इन्स्पेक्शन समजून घ्या

पुण्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत प्रवेश आटोपले की रेसिंग टीमची भरती सुरू होते, आणि नवीन मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडी चालवायला कधी मिळणार? डिग्रीचा बहुतेक काळ मी अशाच टीमच्या बॅटरी विभागात काढला. माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळा आहे: गाडीला ट्रॅकवर सोडतात कशाच्या जोरावर?

फॉर्म्युला भारत, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा, जानेवारीत कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर भरते. तिथे पोचलेली प्रत्येक गाडी धावतेच असं नाही. आधी बॅटरी पॅकची तपासणी, मग इलेक्ट्रिकल, मग मेकॅनिकल. गाडी 60 अंशांत कलती करून पाहतात. ब्रेक टेस्टमध्ये मोटरची वीज तोडून चारही चाकं लॉक करून दाखवावी लागतात. यातलं एक जरी अडलं, तर वर्षभराचं काम पिटमध्ये उभं राहतं.

यातली रेन टेस्ट मला सर्वांत शिकवणारी वाटते. हाय व्होल्टेज चालू ठेवून गाडीवर 120 सेकंद पाणी फवारतात, नंतर आणखी 120 सेकंद थांबतात. हाय व्होल्टेज आणि चॅसी (गाडीचा सांगाडा) यांच्यातल्या इन्सुलेशनवर आयएमडी नावाचं उपकरण सतत लक्ष ठेवतं. नियमानुसार ते दर व्होल्टला किमान 500 ओहमवर सेट असावं लागतं, म्हणजे 400 व्होल्टच्या गाडीत 2 लाख ओहम. एखाद्या कनेक्टरच्या सीलमधून थोडा ओलावा आत गेला आणि इन्सुलेशन त्याखाली घसरलं, की शटडाउन सर्किट तुटतं आणि गाडी बंद पडते. म्हणून नीट क्रिंप केलेला (दाबून बसवलेला) लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची टोपी, वायर आत शिरते तिथलं योग्य मापाचं ग्लँड (सीलबंद बूच), घासणार नाही अशा वाटेने नेलेली वायर या गोष्टींना मी मोटरइतकंच महत्त्व देतो. पहिल्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी हे काम उत्तम करू शकते.

त्यासाठी तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, सीनियर्सबरोबर जा. हीट श्रिंक (तापवल्यावर वायरवर आवळून बसणारी नळी), कनेक्टर, फ्यूज हातात घेऊन, रेटिंग वाचून विकत घ्यायला शिका. लेझर कटिंग, मशीनिंगसाठी भोसरीला चकरा होतील. तिथल्या वर्कशॉपवाल्या काकांपुढे ड्रॉइंग ठेवलंत की टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) का लिहिलेला नाही, हे ते पहिल्या मिनिटात विचारतात. त्यांच्यासमोर बसून ऐका. एवढं नेमकं शिक्षण वर्गात मिळत नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात सैल सोडू नका. पेट्रोलची टाकी रिकामी करता येते, बॅटरी पॅक असा रिकामा करून ठेवता येत नाही. मेन स्विच काढला तरी सेल्स जिवंतच असतात. पॅक उघडताना इन्सुलेटेड हत्यारं, हातमोजे, फेस शील्ड, आणि शेजारी दुसरं माणूस हवंच. रात्री उशिरा, दमलेले असताना पॅकला हात लावू नका. सीनियरने सांगितलं तरी नाही म्हणा.

ड्रायव्हिंगची हौस असेल तर एन्ड्युरन्सचा, म्हणजे स्पर्धेतल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीचा, अभ्यास करा. साधारण 22 किलोमीटर, मध्यावर ड्रायव्हर बदल. पॉवरला 80 किलोवॅटची मर्यादा असते, पण तिथवर नेहमी जायचंच असं नाही. सेलचं तापमान 60 अंश सेल्सिअसच्या आत ठेवावं लागतं (डेटाशीटची मर्यादा कमी असेल तर तीच). सुरुवातीला जोर लावून तापवलेला पॅक शेवटच्या लॅप्सना गाडी थांबवू शकतो. म्हणून टेस्टिंगचे दिवस राखून ठेवा. डिझाइन लवकर गोठवा, नवी कल्पना कितीही मोहक असो.

आणि 1000 पैकी 325 गुण गाडी न हलवता मिळतात: डिझाइन 150, कॉस्ट 100, बिझनेस प्लॅन 75. कॉस्ट रिपोर्टला, म्हणजे गाडीच्या भागाभागाच्या खर्चाच्या हिशेबाला, टीममध्ये कुणी वाली नसतो, तो मागून घ्या. गाडीतला एकेक बोल्ट ओळखीचा होतो.

सबमिशन्स आणि इन-सेम (सेमिस्टरमधली परीक्षा) बरोबर बांधणीच्या ऐन घाईत येतात. घरी आणि गाइड सरांना हे आधीच सांगून ठेवा. भरतीच्या मुलाखतीला जाताना रूलबुकमधला इलेक्ट्रिकल भाग वाचून जा, आणि न कळलेले नियम वहीत लिहून न्या. मी मुलाखती घ्यायचो तेव्हा आधी ती वही मागायचो.