जुन्या गिटारची अडकलेली सॅडल काढताय? मग या चुका टाळा

"सॅडल निघतच नाहीये, काय करू?" असं विचारणाऱ्याने बहुतेक वेळा आधीच स्क्रूड्रायव्हर घालून बघितलेला असतो. म्हणून सुरुवात तिथूनच. (सॅडल म्हणजे हाडाची किंवा प्लास्टिकची ती बारीक पट्टी, जिच्यावरून तारा जातात. गिटारच्या अंगावरच्या लाकडी ब्रिजमध्ये एक खाच असते, तिला स्लॉट म्हणतात, त्यात ती बसते.)

स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. नाही म्हणजे नाही. ही अक्कल मला फुकट आलेली नाही. मित्राच्या वडिलांची जुनी गिटार होती, कुणीतरी आधी स्लॉटमध्ये सुपरग्लू ओतून ठेवलेला, आणि मला घाई. स्लॉटच्या पुढच्या, म्हणजे गिटारच्या दांड्याकडच्या, भिंतीला चपटा स्क्रूड्रायव्हर टेकवला, जरा दाब दिला आणि 'कट' असा आवाज आला. मला वाटलं निघाली! सॅडल जागेवरच होती, निघाली होती ती ब्रिजच्या लाकडाची ढलपी. आता ही पुढची भिंतच तारांचा ताण झेलते, कारण ताणामुळे सॅडल सतत पुढे झुकायला बघते, म्हणजे मी नेमकी महत्त्वाचीच जागा फोडली होती. ढलपी चिकटवून घासून सारखी करण्यात दोन संध्याकाळी गेल्या आणि चिरेची रेघ आजही दिसते. काका काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

आता मी काय करतो ते सांगतो. सगळ्या तारा काढायच्या, ब्रिजच्या भोवती जाड पुठ्ठा, मग सोल्डरिंग आयर्नचं टोक सॅडलच्या वरच्या कडेवर हळूहळू फिरवत राहायचं. हाड सावकाश तापतं, त्यामुळे काही मिनिटं धीर धरा, वास घाण येतो, खिडकी उघडा. गोंद मऊ पडला की पकडीने एका टोकाला धरून सॅडल लांबीच्या दिशेने हलवायची आणि वर ओढायची, पुढे-मागे अजिबात वाकवायची नाही. नाही हलली तर परत तापवा. तिसऱ्यांदा तापवायचा कंटाळा येणाऱ्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं, खरंच.

प्लास्टिकची सॅडल असेल तर आयर्न लावला की वितळून राडा होतो, तिथे पक्कड आणि चिकाटी. खाली पिकअपची, म्हणजे आवाज स्पीकरकडे नेणारी, पट्टी असेल तर उष्णता नकोच. आणि ॲसिटोन ओतायचा सल्ला देणाऱ्याला आधी त्याच्या गिटारवर ओतायला सांगा, कारण गोंद सुटायच्या आधी पॉलिश सुटतं.

जुनी सॅडल काढण्याआधी कुठली बाजू पुढे होती त्याची खूण करा. सूर जुळावा म्हणून तिची वरची कड मागेपुढे घासलेली असते, उलटी बसली तर मोकळ्या तारा ट्यूनरवर सगळ्या बरोबर आणि वरच्या फ्रेट्सवर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) बेसूर.

दुसरी माझी आवडती चूक, म्हणजे डोक्यात जाणारी: नवीन सॅडल चिकटवणं. अरे, आत्ताच तासभर घाम गाळून काय काढलंत? सॅडल बोटाने दाबून बसली पाहिजे, गिटार उलटी केली तरी पडायला नको, आणि बोटांनीच ओढून निघाली पाहिजे. ढिली असेल तर जाड सॅडल घेऊन घासून बसवा. गोंदाने ढिलेपणा भरणारे लोक पुढच्या माणसाचं काम वाढवतात, बाकी काही नाही. आधी स्लॉटमधला जुना गोंद मात्र बारीक पटाशीने खरवडून काढा, तळ सपाट नसेल तर आवाज दबतो.

उंची कमी करायची तर खालून घासा, वरून नाही. काचपेपर काचेवर ठेवा म्हणजे तळ सरळ राहतो. आणि हिशोब लक्षात ठेवा, १२व्या फ्रेटवर तार अर्धा मिमी खाली हवी असेल तर सॅडल १ मिमी घासावी लागते. थोडं घासा, तारा लावा, बघा, परत काढा. एकदम घासून मोकळे होणारे मग खाली कागदाच्या पट्ट्या सारत बसतात.

हाडाची पावडर नाकात जाते, मास्क लावा. आणि जुनी सॅडल फेकू नका, नवीन जास्त घासली गेली तर उंची मोजायला तीच लागणार आहे.