दख्खनच्या खडकात सापडलेला पारदर्शक स्फटिक क्वार्ट्झचा आहे का, हे कसे ओळखावे

महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या बसाल्टने व्यापलेला आहे. लाव्हा थंड होताना वायूच्या बुडबुड्यांमुळे ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे दीर्घकाळ खनिजयुक्त पाणी झिरपत राहिले आणि त्यातून स्फटिक वाढले. विहिरीच्या खोदाईतून निघालेल्या दगडांच्या ढिगात किंवा रस्त्यासाठी फोडलेल्या डोंगराच्या पायथ्याशी असा नितळ स्फटिक हाती लागला की तो क्वार्ट्झचा आहे, असे बहुतेक जण गृहीत धरतात. ही घाई टाळावी, कारण याच पोकळ्यांत अ‍ॅपोफिलाइट आणि कॅल्साइट ही खनिजेही तितक्याच स्वच्छ रूपात मिळतात. जळगाव, नाशिक, पुणे आणि राहुरी परिसरातील अ‍ॅपोफिलाइटला तर जगभरच्या संग्राहकांकडून मागणी असते. त्यामुळे पारदर्शकता हा ओळखीचा सर्वांत कमी उपयोगाचा गुण आहे.

स्फटिक प्रथम साध्या पाण्यात भिजवून दात घासण्याच्या जुन्या मऊ ब्रशने स्वच्छ करावा. चिकटलेली माती लवकर निघावी म्हणून काही जण तो थेट आम्लात टाकतात. क्वार्ट्झला साध्या आम्लाने काही होत नाही हे खरे, परंतु तो कॅल्साइट असेल तर विरघळतो, अ‍ॅपोफिलाइट असेल तर त्याची चकाकी जाते, आणि खाली झिओलाइट (याच पोकळ्यांत वाढणारी खनिजे) असतील तर तेही खराब होतात. ओळख पक्की होईपर्यंत आम्ल दूरच ठेवलेले बरे.

यानंतरची पायरी म्हणजे दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन पैलू नीट पाहणे, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. क्वार्ट्झच्या पूर्ण वाढलेल्या स्फटिकाला उभे सहा पैलू असतात आणि लगतच्या दोन पैलूंमधील कोन 120 अंशांचा असतो. एखादा पैलू रुंद आणि त्याच्या शेजारचा अगदी अरुंद असू शकतो, त्यामुळे स्फटिक चपटा किंवा वाकडातिकडा दिसतो; कोन मात्र बदलत नाही. डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकांचा अभ्यास करून 1669 मध्ये ही गोष्ट मांडली होती. कंपासपेटीतील कोनमापकाने जाड कागदावर 120 अंशांची खाच कापून ती कडेवर बसवून पाहिली, तर घरच्या घरी हा कोन तपासता येतो. अ‍ॅपोफिलाइटचे उभे पैलू चार असतात, आडवा छेद चौकोनी असतो आणि तेथे 90 अंशांची खाच बसते.

पैलूंवरच्या बारीक रेषांची दिशाही पाहावी. प्रकाश तिरपा पडेल अशा रीतीने स्फटिक हळूहळू फिरवला, तर क्वार्ट्झच्या उभ्या पैलूंवर लांबीला काटकोनात जाणाऱ्या आडव्या रेषा चमकून जातात, तर अ‍ॅपोफिलाइटवर त्या लांबीच्या दिशेने उभ्या असतात. टोकाची ठेवणही वेगळी असते. क्वार्ट्झमध्ये टोकाचा प्रत्येक तिरपा पैलू खालच्या उभ्या पैलूच्या बरोबर वर येतो आणि दोघांमधली कड आडवी असते. अ‍ॅपोफिलाइटमध्ये टोकाचे पैलू उभ्या पैलूंवर नव्हे, तर त्यांच्यामधल्या कडांवर बसलेले असतात. आपल्याकडच्या पोकळ्यांमध्ये क्वार्ट्झची खोडे बहुधा दाटीने रुतलेली असल्याने नुसती टोकेच दिसतात, आणि त्यांतही तीन पैलू मोठे व तीन लहान असले तर ते टोक घनाच्या कोपऱ्यासारखे भासते. अशा वेळी भिंगाखाली ते लहान तीन पैलू शोधावेत.

स्फटिकाची एखादी बाजू तुटलेली असेल तर ती वाया गेली असे समजू नये, कारण ती फार बोलकी असते. क्वार्ट्झला पाटन, म्हणजे ठरावीक दिशांनी सपाट फुटण्याचा गुण, जवळजवळ नसते. त्याचा तुकडा उडाला की शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा वक्र लहरींचा पृष्ठभाग उघडा पडतो. अ‍ॅपोफिलाइट लांबीला काटकोनात अगदी सपाट फुटते आणि त्या सपाटीवर मोत्यासारखी चमक असते. कॅल्साइट तीन दिशांनी तिरप्या चौकोनांत फुटते.

कठिनतेची कसोटी सर्वांना ठाऊक असते, पण ती बरेचदा चुकीच्या रीतीने लावली जाते. खनिजांची कठिनता 1 ते 10 अशा मोह्स मापावर मोजतात; त्यावर क्वार्ट्झची कठिनता 7, काचेची आणि पोलादी चाकूची साधारण 5.5, अ‍ॅपोफिलाइटची 4.5 ते 5 आणि कॅल्साइटची 3 असते. टोक न वापरता तळाकडची तुटकी कड जुन्या बाटलीच्या काचेवर दाबून ओढावी आणि नंतर ओल्या बोटाने ती जागा पुसावी. पुसल्यावर रेघ नाहीशी झाली, तर ती स्फटिकाचीच भुकटी होती आणि काच कोरली गेलेली नाही. चाकूने क्वार्ट्झवर ओढल्यास उलट पोलादाचीच करडी रेघ उमटते, जिला पुष्कळ जण ओरखडा समजतात.

सुटा स्फटिक असेल तर विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तो तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे हे, काढता येते, आणि त्यासाठी 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा पुरतो. प्रथम कोरड्या स्फटिकाचे वजन करावे. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याने बांधलेला स्फटिक तळाला किंवा कडेला न टेकता पूर्ण बुडेल असा धरावा. काट्यावर दिसणाऱ्या आकड्याने मूळ वजनाला भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. समजा वजन 53 ग्रॅम आहे आणि पाण्यात 20 हा आकडा आला, तर उत्तर 2.65 येते, आणि तेच क्वार्ट्झचे मूल्य आहे. तेवढ्याच वजनाच्या अ‍ॅपोफिलाइटचा आकडा 22.5 च्या आसपास, म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण 2.35 येते. कॅल्साइटचे मूल्य 2.71 असल्याने या कसोटीने ते क्वार्ट्झपासून खात्रीने वेगळे काढता येत नाही. त्यासाठी कोपऱ्यावरची थोडी भुकटी खरवडून तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाकावा आणि बुडबुडे येतात का ते भिंगातून पाहावे.

स्फटिक कोठे सापडला हाही पुरावाच आहे. त्याच्या बुडाशी गारगोटीसारख्या दिसणाऱ्या कॅल्सेडनीचा (अतिसूक्ष्म कणांच्या क्वार्ट्झचा) पट्टेदार थर असेल, तर क्वार्ट्झची शक्यता बरीच वाढते. सिंधुदुर्ग किंवा भंडारा जिल्ह्यात, जेथे बसाल्टहून जुने खडक उघडे आहेत, तेथे पांढऱ्या शिरांमधल्या फटीत मिळालेले सहा पैलूंचे टोक बहुधा क्वार्ट्झचेच असते आणि अ‍ॅपोफिलाइटचा विचार सहसा करावा लागत नाही. नदीपात्रात सापडलेला गुळगुळीत पारदर्शक खडा मात्र संशयाने पाहावा, कारण पैलू झिजलेले असल्याने घासलेली बाटलीची काचही तशीच दिसते; आत गोल बुडबुडे आढळले तर ती काच समजावी.

खाणीत मालकाची परवानगी घेऊनच जावे, आणि लेण्यांच्या किंवा संरक्षित क्षेत्राच्या हद्दीतून काहीही उचलू नये. घरी आल्यावर गावाचे नाव, तारीख, सोबतची खनिजे आणि केलेल्या कसोट्यांचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून ती स्फटिकासोबत ठेवावी. महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात तो दाखवायची वेळ आली, तर तेथे पहिली चौकशी याच गोष्टींची होते.