हिवाळ्यात रेड वाइन पिताना या चुका टाळा

थंडी पडली की रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा नियम प्रत्येकाला आठवतो आणि बहुतेक बाटल्यांचा घात याच नियमापायी होतो. तो युरोपातल्या अशा जुन्या घरांमध्ये रूढ झाला, जिथे हिवाळ्यात खोलीतली हवा सोळा-अठरा अंशांच्या वर क्वचितच जात असे. आजची हीटर लावलेली खोली सहज २३-२४ अंशांवर पोहोचते. अशा उबेत मद्यार्काचा झणका नाकात आधी शिरतो, फळांचा गंध मागे पडतो आणि घोट सैल लागतो. कॅबर्ने सॉव्हिन्यों किंवा शिराझसारख्या भरदार वाइनला १६ ते १८ अंश पुरतात, तर पिनो न्वार किंवा बोजोलेसारख्या हलक्या वाइनला १२ ते १४. खोली उबदार असेल, तर मी रेड वाइनची बाटलीसुद्धा वाढण्यापूर्वी वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवतो, आणि त्यावर पाहुण्यांच्या भुवया उंचावल्या तरी माझी हरकत नसते.

एका परिचितांनी पाहुणे येणार म्हणून अनेक वर्षे जपलेली बारोलो या इटालियन रेड वाइनची बाटली दुपारीच हीटरवर नेऊन ठेवली होती. संध्याकाळपर्यंत आतल्या द्रवाने प्रसरण पावून बूच वर ढकलले होते आणि पेल्यात जे उतरले, त्याला शिजवलेल्या जॅमचा वास येत होता. जी वाइन बाजारात येण्याआधीच किमान ३८ महिने मुरवावी लागते, तिची एका दुपारीत वाट लागली. यजमानांनी मात्र दोष त्या वर्षीच्या द्राक्षांना दिला.

याउलट, गारठलेल्या गच्चीतून आणलेली बाटली तशीच उघडली, तर टॅनिन, म्हणजे द्राक्षांच्या सालींतून उतरणारे तुरट द्रव्य, जिभेला ओरखडे काढते आणि गंध जवळपास गायब होतो. अशा वेळी वाइन कोमट पाण्याने विसळलेल्या डिकँटरमध्ये (वाइन वाढण्याच्या काचेच्या सुरईत) ओतावी, किंवा पेला एक-तृतीयांश भरून तळहातांत धरावा आणि थांबावे. मायक्रोवेव्हचा पर्याय सुचवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या हाती बाटली देत नाही. बाटली उणे पाच-सहा अंशांपर्यंत उतरणाऱ्या थंडीत बाहेर राहिली, तर वाइन गोठून बूच ढकलते, हेही ध्यानात असावे.

थंडीत साठवलेल्या वाइनच्या तळाशी किंवा बुचाला चिकटलेले चमकदार खडे दिसले की काही जण काच समजून ती थेट मोरीत ओततात. वस्तुतः ते टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे निरुपद्रवी स्फटिक असतात. बाटली उभी ठेवून हळूच ओतावी, एवढेच पुरे.

गंध खुलावा म्हणून वाइनला हवा लागू देतात, पण नुसते बूच काढून तासभर ठेवल्याने ती पुरेशी लागत नाही, कारण बाटलीच्या गळ्याशी हवेला भिडणारा पृष्ठभाग नाण्याएवढाच असतो.

मसाल्याची गरम वाइन करताना पातेले खदखदू देणे हा तर अधीर माणसांचा खास गुन्हा आहे. मद्यार्क ७८ अंशांच्या आसपास उकळतो आणि उकळीत लवंग-दालचिनीचा कडवटपणा वाइनमध्ये उतरतो. मी साखर, थोडे पाणी, संत्र्याची साल आणि मसाले यांचा पाक आधी करून घेतो, मग वाइन ओततो आणि वाफ दिसू लागताच आच बंद करतो. यासाठी ओकच्या पिंपात मुरलेली महागडी वाइन वापरणे म्हणजे उधळपट्टी होय; साधी, फळांच्या चवीची, तरुण वाइनच इथे शोभते.

अंगात ऊब येण्यासाठी पेल्यावर पेले रिचवणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे की मद्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळे ऊब जाणवते, पण प्रत्यक्षात शरीर उष्णता अधिक वेगाने गमावते. म्हणून पिऊन थंडीत फिरायला निघू नये, आणि गाडी तर मुळीच चालवू नये.

उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी. त्यानंतर ती आंबट झालीच, तर मसाले घालून सुधारेल या आशेने ती पातेल्यात ओतू नये, कारण गरम केल्यावर तो आंबूस वास उलट अधिकच पसरतो.