घरात कुणाला ॲलर्जी असताना मांजर आणायचं असेल तर

आधी तपासणी, मग मांजर. शिंका मांजरामुळेच येतात असं घरच्यांनी ठरवलेलं असतं, पण मुंबई-कोकणच्या दमट हवेत गादीतले धुळीचे किडे हेही नेहमीचं कारण असतं. प्रिक टेस्ट (त्वचेवर हलकं टोचून करायची ॲलर्जीची तपासणी) करायची तर सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद ठेवाव्या लागतात, त्याही डॉक्टरांना विचारून. स्पेसिफिक आयजीई ही रक्ततपासणी गोळ्या चालू असतानाही होते. दमा असेल आणि आटोक्यात नसेल, तर मांजर आणू नका.

त्रास केसांचा नसतो. मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तेलग्रंथींत ‘फेल डी १’ नावाचं प्रथिन असतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते आणि तिचे बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात. म्हणून ‘ॲलर्जी-फ्री’ म्हणून महागडं सायबेरियन विकत घेण्यात अर्थ नाही. पूर्ण निर्धोक जात कुठलीच नाही. देशी मांजरी किंवा नसबंदी झालेला बोका बरा, कारण नसबंदी न झालेल्या बोक्यात हे प्रथिन जास्त असतं.

जे मांजर घ्यायचं तेच महिनाभर फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला आणा, आणि परत करता येईल हे आधीच बोलून ठेवा. पहिला आठवडा सुखाचा गेला म्हणून हुरळू नका. कण हळूहळू साठतात, आणि मांजर गेल्यावरही कित्येक महिने घरात राहतात.

सगळ्यात महत्त्वाची झोपायची खोली. ॲलर्जी असलेल्याच्या खोलीचं दार पहिल्या दिवसापासून बंद. एकदा पलंगावर झोपलेलं मांजर नंतर दाराबाहेर रात्रभर गळा काढतं आणि घरचे तिसऱ्या दिवशी विरघळतात. गादी-उशीला चेनवाली ॲलर्जी कव्हरं घाला, चादरी आठवड्याला ६० अंशांवर धुवा. हेपा फिल्टरचा (बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) हवेचा प्युरिफायर घेताना हिशेब करा: १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर, तासाला पाच वेळा हवा गाळायची तर सीएडीआर (प्युरिफायर तासाला किती स्वच्छ हवा देतो तो आकडा) किमान १७० घनमीटर हवा. खिडक्या सताड उघड्या असतील तर तो नुसता वीज खातो.

झाडूने कण पुन्हा हवेत उडतात. ओल्या फडक्यानं पुसा, पंख्याची पातीही. गालिचा काढूनच टाका.

मांजराला घातलेल्या आंघोळीचा परिणाम दोन-चार दिवसांत ओसरतो, वर मांजर वैतागतं ते वेगळंच. हे प्रथिन निष्प्रभ करणाऱ्या, अंड्यातल्या प्रतिपिंडांचं मांजरासाठी खास खाद्य मिळतं. कंपनीच्याच अभ्यासात तिसऱ्या आठवड्यापासून ॲलर्जन (ॲलर्जी आणणारं ते प्रथिन) सरासरी ४७ टक्के घटलं, म्हणजे निम्मं उरतंच.

लिटरचा ट्रे (मांजराच्या शी-शूचा वाळूचा ट्रे) ॲलर्जी नसलेल्यानं साफ करावा, आणि वाळू कमी धुळीची घ्यावी. मांजराला हात लावल्यावर डोळे चोळायच्या आधी साबणानं हात धुवावेत. रात्री खोकला किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, तर गोळ्या वाढवत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. धाप लागत असेल तर लगेच.