साठ-साठ चिंचोके आणि एक राउटर : बॉटवाल्यांच्या भेटीआधी

बॉट म्हणजे सामना चालू असताना आपोआप पैज लावणारा कम्प्युटर प्रोग्राम. असे बॉट लिहिणारे आम्ही वर्षातून एकदा जमतो आणि जुन्या क्रिकेट सामन्यांवर पैशाऐवजी चिंचोके लावून ते चालवून बघतो. तशी भेट तुम्हाला भरवायची असेल तर संक्रांतीनंतरचा दुसरा रविवार धरा. तारीख ठरवताना एवढंच बघायचं, की कापसाची गर्दी ओसरलेली असावी आणि ऊन तापायला लागलेलं नसावं. मी दिवसा जिनिंगच्या काट्यावर बसतो. दिवाळीपासून वर्ष संपेस्तोवर गाड्यांची रांग हटत नाही, आणि मार्चनंतर टिनाच्या शेडखाली लॅपटॉप आणि माणूस सारखेच तापतात. जानेवारीच्या शेवटी ज्वारीचा हुरडा असतो, हवा बरी असते, आणि वर्ध्याकडून, दारव्ह्याकडून पोरं दुपारच्या आत पोचतात. रेल्वेने येणाऱ्याला धामणगाव सांगा, तिथून पुढे एसटी. शकुंतलेची, म्हणजे जुन्या छोट्या रेल्वेची, चौकशी कुणी करू नये, ती बंदच आहे.

जागा ठरवायच्या आधी एक काम करा. पोलीस पाटलांकडे जा, चहा घ्या आणि सगळं सरळ सांगून टाका. मी पहिल्या वेळी 'कम्प्युटरचं शिबिर' असं मोघम बोललो, तर दोन दिवसांत गावात तिसरंच काहीतरी पसरलं. शेवटी पाटीलकाकांनी पारावरच गाठलं. "सट्टा शिकवून राहिला काय बाप्पा पोट्ट्यायले?" म्हटलं, काका, चिंचोक्याचा. ते हसले, पण घरी येऊन लॅपटॉपवर बघून गेले. बरंच झालं ते. तेव्हापासून मी त्यांना जेवायलाच बोलावतो.

गावाला 'सट्टा' हा शब्द झोंबतो याला कारण आहे. मटक्याचा उगम आपल्याच पिकात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद भाव तारेने मुंबईत यायचा आणि त्यावर आकडे लागायचे. ते बंद पडल्यावर १९६२ मध्ये वरळीत कल्याणजी भगतचा मटका सुरू झाला, दोन वर्षांनी रतन खत्रीचा. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द आजही आकडेवाल्याच्या तोंडी आहेत, ते त्या कापसाच्या भावातूनच आलेले. तेव्हा घरात लॅपटॉप उघडून बसलेला पोरगा 'मार्केट', 'भाव', 'लावला' असं बोलायला लागला की आईच्या पोटात गोळा येणारच.

आणि कायद्याचं नीट समजून घ्या, कारण बोलावणारे तुम्ही आहात. इंग्लंडात २००० साली बेटफेअर हे पैजांचं एक्स्चेंज, म्हणजे पैजांचा ऑनलाइन बाजार, सुरू झालं. तिथे पैज बुकीशी लागत नाही, समोरच्या दुसऱ्या ग्राहकाशी लागते. एक जण जिंकेल म्हणतो ती बॅक, दुसरा नाही जिंकणार म्हणतो ती ले, आणि एक्स्चेंज मध्ये बसून कमिशन घेतं. प्रोग्रामने थेट दर लावायची सोयही त्यांनी दिली, आणि त्यातून हा बॉट लिहिण्याचा छंद फोफावला. तिकडे ते कायद्यात बसतं, आपल्याकडे बसत नाही. जुगाराचा आपला राज्याचा कायदा १८८७ चा आहे. वर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा याने फरक पडत नाही. जाहिरात करणाऱ्यालाही वेगळी शिक्षा आहे. म्हणून निमंत्रणातच लिहा: पैसा नाही, खातं नाही, इंटरनेट नाही. बक्षीससुद्धा ठेवू नका, गुळाची ढेपही नाही. जेवणाची वर्गणी सगळ्यांची सारखी आणि आधी घ्या. 'हरेल त्याने चहा पाजायचा' हे वरवर निरागस वाटतं, पण तिथूनच सुरुवात होते, म्हणून ते वाक्य कुणाच्या तोंडून आलं तर तिथेच थांबवा.

बोलावणं करताना आणखी एक. ज्याच्या घरची एकर-दीड एकर क्रिकेटच्या सट्ट्यात गेली आहे, त्याला चारचौघांत 'ये रे' म्हणू नका. आधी एकट्यात विचारा. आमच्यातला एक जण दोन वर्षं फक्त रोडगे भाजायला आला, स्क्रीनकडे पाठ करून बसायचा. तिसऱ्या वर्षी त्याने स्वतःहून सर्व्हर सांभाळायला मागितला. त्याच्याइतका चोख हिशेब आम्हाला कुणाचाच मिळाला नाही.

आता खोलीची मांडणी. एक लॅपटॉप सर्व्हर म्हणून ठेवायचा, त्यावर आपलं छोटं एक्स्चेंज चालतं. जुना राउटर मध्ये ठेवायचा आणि प्रत्येकाचा बॉट त्याच्यावरून सर्व्हरशी बोलतो. विजेचा भरवसा धरू नका, शेतातल्या लाइनीची पाळी कधी दिवसाची तर कधी रात्रीची असते. लॅपटॉप घरून चार्ज करून आणायला सांगा. राउटरसाठी आम्ही फवारणीच्या बॅटरी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी वापरतो, दिवसभर आरामात चालते. मात्र आधी राउटरच्या अडॅप्टरवर काय लिहिलंय ते वाचा, कुणाकुणाचा ९ व्होल्टचा असतो. आणि पंपातून फक्त बॅटरी काढून आणा, टाकी घरीच राहू द्या. २०१७ च्या फवारणीच्या विषबाधेनंतर यवतमाळात कुणी त्या टाकीशेजारी बसून जेवत नाही.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, तिच्या लायब्ररी म्हणजे तयार कोड, जे काही लागतं ते पेनड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवा. नाहीतर पहिला दीड तास एका मोबाईलच्या हॉटस्पॉटभोवती अकरा जण गोळा होतात आणि हुरडा तिकडे गार होतो.

सामने कोणते घ्यायचे, यात खरी मेहनत आहे. क्रिकशीट या वेबसाइटवर चेंडू-चेंडूची नोंद फुकट मिळते, आयपीएलची अगदी २००८ पासून. वीस षटकांचा सामना म्हणजे दोन्ही डाव मिळून २४० चेंडू. सर्व्हरने दर चार सेकंदांनी एक चेंडू टाकला तर सामना सोळा मिनिटांत आटपतो. संघांची आणि खेळाडूंची नावं काढून टाका, पण तेवढ्याने भागत नाही. पहिल्या वर्षी मी हौसेने २३ एप्रिल २०१७ चा बंगळुरू-कोलकाता सामना घेतला, ज्यात बंगळुरू ४९ वर सर्वबाद झालं होतं. नावं झाकली होती, तरी सहा गडी बाद झाले तसे दोघं ओरडलेच, "हा ४९ वाला हाय!" पुढचा बाजार तिथेच संपला. गाजलेले सामने सोडून द्या. साधेसुधे, कुणाच्या लक्षात न राहिलेले सामने शोधा.

त्याहून मोठी खबरदारी फाइलीच्या आतली. क्रिकशीटच्या प्रत्येक फाइलीत वर माहितीचा भाग असतो आणि त्यात सामना कोण जिंकला हे लिहिलेलं असतं. माझा बॉट घरच्या चाचणीत ओळीने चौदा सामने नफ्यात गेला तेव्हा मी बायकोला उठवून दाखवलं होतं. ती म्हणाली, "चौदाच्या चौदा? मग एखादा तरी चुकवायचा होता, खरं वाटलं असतं." तेव्हा डोक्यात उजेड पडला. बॉट निकालाचा रकाना वाचत होता. म्हणून वाटायच्या फाइली एकाने तयार करायच्या, त्यातून तो भाग कापायचा, आणि त्या माणसाने स्वतःचा बॉट त्या दिवशी उतरवायचा नाही.

सर्व्हर खऱ्या एक्स्चेंजसारखा खडूस असू द्या, नाहीतर शिकायला काय मिळणार? दराच्या पायऱ्या ठेवा: १.०१ ते २ मध्ये ०.०१ ची, २ ते ३ मध्ये ०.०२ ची, ३ ते ४ मध्ये ०.०५ ची. २.५३ चा दर पाठवणाऱ्या बॉटला ऑर्डर परत मिळाली पाहिजे. चालू सामन्यात ऑर्डर काही सेकंद अडवून मग लावा, म्हणजे विकेट पडल्या पडल्या झडप घालणारा बॉट तोंडावर पडतो. निव्वळ नफ्यावर पाच टक्के कमिशन कापा. आणि प्रत्येकाच्या जोखमीला कुलूप हवंच: २.५० ला, म्हणजे एकाला दीड नफ्याच्या दराने, २० ची ले लावली तर हरल्यास द्यावे लागणारे ३० अडकून पडले पाहिजेत, खिशात २९ असतील तर ऑर्डर नाकारली पाहिजे. हे कुलूप किती महत्त्वाचं, त्याची गोष्ट येणाऱ्यांना सांगा. २०११ च्या डिसेंबरात आयर्लंडच्या लेपर्ड्सटाउनला जिंकत आलेल्या घोडीवर शर्यत चालू असताना २८ ला १ असा दर उभा राहिला, आणि तोही दोन कोटी पौंडांहून मोठ्या रकमेसाठी. ही ले लावणाऱ्याच्या खात्यात हजार पौंडही नव्हते. बेटफेअरला त्या शर्यतीतल्या चालू पैजा रद्द कराव्या लागल्या.

चिंचोके मात्र खरे हवेत. पडद्यावरचा आकडा शून्य झाला तर कुणाला काही वाटत नाही. हातातले साठ चिंचोके समोरच्याच्या ओंजळीत ओतताना चेहरा बदलतो, हे मी पाहिलंय. बारा माणसांचे सातशेवीस होतात. मी शंभर मोजले, तराजूत टाकले आणि उरलेले वजनावर घेतले. काट्यावर बसण्याचा एवढा तरी फायदा. कमिशन जमा करायला डालड्याचा डबा ठेवा. एका पोराने हौसेने मधोमध मातीचा माठ आणून ठेवला होता आणि पाटीलकाका दारातच थबकले. माठातून चिठ्ठी काढायची म्हणूनच त्या धंद्याला मटका म्हणतात, हे त्या पोराला ठाऊक नव्हतं.

पहिली फेरी बॉटशिवाय, हाताने खेळा. एका पैजेवर किती लावायचं ते सांगणारं केलीचं सूत्र नवख्याला तिथेच समजतं. बेल लॅब्जच्या जॉन केलीने ते १९५६ मध्ये मांडलं. दर २.५० म्हणजे एकाला दीड नफा. तुमच्या अंदाजाने जिंकायची शक्यता ४५ टक्के. दीड गुणिले ०.४५ म्हणजे ०.६७५, त्यातून हरायची ०.५५ वजा करा, उरले ०.१२५, त्याला दीडने भागा, आले साधारण ८.३ टक्के. साठातले पाच चिंचोके. आपला अंदाज बहुतेक वेळा फुगलेला असतो, म्हणून जाणते लोक त्याच्या निम्मंच लावतात. निम्मे म्हणजे अडीच, पण चिंचोका फोडायचा नाही, दोनच लावा. फोडलेल्या चिंचोक्याचा फासा होतो, आणि तो खेळ वेगळा.

येणाऱ्याने स्वतःपुरतं काय आणायचं, ते निमंत्रणात तीन ओळींत लिहा. बॉट एका कळीने थांबला पाहिजे. जोडणी तुटून परत आली तर त्याने आपल्या उघड्या ऑर्डर आधी विचारून घेतल्या पाहिजेत, तशाच दुसऱ्यांदा लावायच्या नाहीत. आणि हरलेल्या एका सामन्याची नोंद कागदावर छापून आणायची. जिंकल्याच्या गोष्टी सगळ्यांकडे असतात, त्या जेवताना होतात. दुपारचे दोन तास त्या छापील कागदांचे. बॉटने कुठे काय केलं, ओळीवर बोट ठेवून.

एकाने यंदा शंकरपटाच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीच्या, जोड्यांच्या सेकंदांची वही आणतो म्हटलंय. पाच पटांच्या वेळा त्याने घड्याळ बघून उतरवल्या आहेत, वही सुंदर आहे, बघायला जरूर आणावी. पण त्यावर बाजार लावायचा नाही, चिंचोक्याचाही नाही. जोडी कुणाची, धुरकरी कोण, सगळं ओळखीचं असतं. संध्याकाळी पारावर तोच दर कुणीतरी रुपयात बोलेल.

जेवणाला रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. गोवऱ्या आदल्या दिवशीच रचून ठेवा, सकाळी दव पडतं. पीठ जाडसर दळायला सांगा. वांगी चिरायला दोघं आधी पाठवा, कारण एकदा बाजार सुरू झाला की स्वयंपाकाला हाक मारली तरी कुणी उठत नाही आणि सगळं वहिनींच्या अंगावर पडतं. ते पहिल्या वर्षी झालं होतं, आणि वहिनी अजून विसरल्या नाहीत.

शेवटची एसटी साडेपाचची असेल तर शेवटचा सामना चारला सुरू करा. त्यानंतर चिंचोके परत घ्या, मोजून नाही, वजनावर. खिशातून एखादा घरी जातोच, जाऊ द्या. बॅटरी पंपात परत बसवा. आणि निघायच्या आधी रोडग्याच्या राखेवर दोन बादल्या पाणी ओता, शेजारच्या वावरात पऱ्हाटी वाळलेली असते.