परड्यात गावरान, गिरिराज, कडकनाथ एकत्र सोडताय? आधी स्वभाव बघा

कोंबडी घेताना सगळे पहिलं विचारतात अंडी किती देते, पण परड्यात चार जातीची पाखरं एकत्र सोडायची असतील तर आधी स्वभाव बघा, कारण जी दाण्यापर्यंत पोचतच नाही ती अंडी कुठनं देणार.

स्वभाव कळतो सकाळी दाणे टाकल्यावर. कोण मधी घुसतंय, कोण दुसरीच्या मानेवर टोचतंय, कोण मान आखडून कडंला उभं हाय ते बघा. आणि संध्याकाळी खुराड्यात गेल्यावर शंका असलेल्या कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी हातानं चाचपा, टम्म भरलेली लागली तर काळजी नाही, मोकळी लागली तर तिला दिवसभर कोणी खाऊ दिलेलं नाही.

गावरान लई सावध, घार दिसली की पहिली ओरडणार तीच, पण नवीन पाखराला लवकर जवळ करत नाही. गिरिराज, वनराज ह्या सुधारित जाती अंगानं जड आणि शांत, पोरांनी उचलली तरी गप, म्हणून मार पण तीच जास्त खातात आणि गावरानसारखं भुर्रकन उडून फांदीवर पण जाता येत नाही. आरआयआर म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, ही तांबडी विलायती जात धीट, पायात पायात येते पण दाण्यावर दादागिरी करते. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला, बुजरा हाय, हातात येत नाही, आणि कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, क्वचितच बसते त्यामुळं तिची अंडी खुडूक गावरानखाली ठेवा. असील देखणा असला तरी मिक्स कळपात माझ्या मते नकोच, कोंबडे मरेपर्यंत भांडतात आणि कोंबड्या पण काही कमी नसतात.

नवीन पाखरं आणली की दोन-तीन आठवडे पूर्ण लांब ठेवा, रोग असला तर तेवढ्यात दिसतो. मग आठवडाभर मधी जाळी लावून एकमेकांना नुसतं बघू द्या, आणि रात्री अंधारात जुन्यांच्या शेजारी दांडीवर बसवा. एकटं पाखरू कधीच सोडू नका, निदान दोन-तीन एकदम सोडा म्हणजे टोचणी वाटली जाते. दाणापाणी दोन-तीन ठिकाणी लांब लांब ठेवा आणि आठ-दहा कोंबड्यांमागं कोंबडा एकच ठेवा.

खरी परीक्षा जुलैत, आपल्याकडं झड लागली की पाखरं दिवस दिवस आतच आणि मग रिकामपणी एकमेकींची पिसं उपटतात. तेव्हा कोबीचा गड्डा नाहीतर मेथीची जुडी त्यांच्या डोक्याच्या उंचीवर टांगा, खाली भाताचं तूस कोरडं ठेवा, त्यात थोडे दाणे मिसळा म्हणजे उकरत बसतात. रक्त दिसलं तर त्या कोंबडीला लगेच बाजूला काढा, लाल दिसलं की बाकीच्या सगळ्या तिथंच टोचतात, जखम पूर्ण सुकल्यावर परत रात्रीच आत सोडा.