शिश्नाची पुढची कातडी घट्ट असल्यास : प्रौढ पुरुषांसाठी उपचारांचा क्रम

शिश्नाच्या टोकावरची कातडी मागे सरकत नाही, किंवा एरवी सरकते पण ताठरतेच्या वेळी टोकाभोवती आवळते, या तक्रारीला वैद्यकात फायमोसिस म्हणतात. प्रौढ पुरुषाने उपचाराचा विचार करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर स्वतःशी नक्की करावे : ही कातडी लहानपणापासून कधीच पूर्ण मागे गेलेली नाही, की पूर्वी व्यवस्थित जात होती आणि आता जाईनाशी झाली आहे? पहिल्या प्रकारात, लघवीला अडथळा नसेल, संबंधाच्या वेळी दुखत नसेल आणि आतली स्वच्छता होत असेल, तर काहीही न करणे हाही योग्य निर्णय असू शकतो. दुसऱ्या प्रकारात मात्र कातडी घट्ट होण्यामागे बहुधा काही कारण असते, आणि ते शोधल्याशिवाय केलेला उपचार अर्धवट राहतो.

आपल्याकडे या कारणांमध्ये मधुमेहाचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. लघवीतून साखर जात असली की कातडीखाली बुरशी वाढते, खाज व लाली येते, कडेला बारीक चिरा पडतात, त्या भरून येताना व्रण धरतो आणि प्रत्येक वेळी कातडीचे तोंड थोडे अधिक अरुंद होते. चाळिशीनंतर कातडी नव्याने घट्ट झाल्यास उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी) या रक्ततपासण्या करून घ्याव्यात. आपल्याला मधुमेह आहे हे काही जणांना याच तक्रारीमुळे प्रथम कळते. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळी चालू असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण ही औषधे साखर लघवीवाटेच बाहेर काढतात आणि त्यामुळे तेथील बुरशीसंसर्गाची शक्यता वाढते. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नये.

दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे लायकेन स्क्लेरोसस हा त्वचाविकार. यात कातडीच्या कडेवर पांढरट, कडक पट्टा तयार होतो आणि काही वेळा मूत्रमार्गाचे तोंडही आकुंचन पावते, त्यामुळे लघवीची धार बारीक किंवा फाटलेली होते. हा विकार संसर्गजन्य नाही, पण तो दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. दीर्घकाळ राहिल्यास शिश्नाच्या कर्करोगाचा धोका काही प्रमाणात वाढतो. कातडीखाली न भरणारी जखम, गाठ, रक्तमिश्रित किंवा दुर्गंधीयुक्त स्राव यांपैकी काही आढळल्यास घरगुती प्रयोगांत वेळ न घालवता युरोलॉजी किंवा सर्जरीच्या ओपीडीत जावे.

अशी धोक्याची चिन्हे नसतील आणि संसर्ग आटोक्यात असेल, तर सुरुवात सहसा स्टेरॉइड क्रीमने होते. बीटामेथासोन किंवा मोमेटासोनसारखे क्रीम दिवसातून एकदा किंवा दोनदा, साधारणपणे चार ते आठ आठवडे, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे वापरले जाते. लायकेन स्क्लेरोससमध्ये अधिक तीव्र असे क्लोबेटासोल दिले जाते. क्रीम सर्वत्र फासायचे नसून, कातडी त्रास न होता जेवढी मागे जाईल तेवढी नेऊन जी कडा ताणलेली दिसते तिच्यावरच पातळ थर लावायचा असतो. कोमट पाण्याने आंघोळ झाल्यावर कातडी ताण जाणवेल पण दुखणार नाही इतपत मागे ओढून काही सेकंद धरावी, सोडावी आणि असे काही वेळा करावे. जोर लावल्यास चीर पडते, चिरेचा व्रण होतो आणि जे सैल करायचे तेच अधिक आवळते. प्रौढांमध्ये हा उपचार मुलांइतका हमखास नसतो, आणि कडा पांढरी व कडक झालेली असल्यास यश आणखी कमी मिळते. तरीही योग्य रुग्णाने तो नेटाने करून पाहावा, असे माझे मत आहे. मेडिकल दुकानात सहज मिळणारी, स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली खाजेची मलमे मात्र मनाने वापरू नयेत. साबण आणि डेटॉलही आत लावू नये. साधे पाणी आणि नंतर कोरडे करणे एवढे पुरते.

प्रत्येक वेळी कातडी पुन्हा पुढे आणण्याचे विसरू नये. ती मागेच अडकून टोक सुजल्यास त्याला पॅराफायमोसिस म्हणतात आणि ती तातडीची अवस्था आहे. टोक काही मिनिटे मुठीत सावकाश पण सलग दाबून सूज उतरवावी, मग अंगठ्यांनी टोक आत ढकलत बोटांनी कातडी पुढे आणावी. ती लगेच जागेवर न आल्यास, किंवा टोक काळे-निळे किंवा बधिर होऊ लागल्यास, मध्यरात्रही असली तरी रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. घरी अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांना लघवीची नळी घातलेली असेल, तर ती घालताना मागे केलेली कातडी पुढे आणली आहे ना, हे घरच्यांनी पाहावे.

क्रीमने भागले नाही, तर शस्त्रक्रियेचे पर्याय आहेत. खालची शिरेसारखी आखूड पट्टीच ताणत असेल तर तेवढीच सैल करणारी फ्रेन्युलोप्लास्टी पुरते. कडा निरोगी पण अरुंद असेल तर कातडी राखून ती रुंद करणारी प्रेप्युशिओप्लास्टी करता येते. मात्र लायकेन स्क्लेरोसस किंवा वारंवार होणारा संसर्ग असल्यास सुंता हाच अधिक खात्रीचा मार्ग ठरतो. ती बहुधा जागेवरच्या भुलीखाली होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. लेसर आणि स्टेपलरच्या जाहिराती सर्वत्र दिसतात. वेळ आणि रक्तस्राव कमी होऊ शकतो, परंतु जखम भरण्याचा काळ कोणत्याही यंत्राने फारसा टळत नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही ही शस्त्रक्रिया नेहमीची आहे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी सांगावे आणि काढलेली कातडी तपासणीसाठी पाठवण्याची विनंती करावी.

पहिले काही दिवस सूज आणि झोपेतील ताठरतेमुळे टाके ताणणे अपेक्षित असते. टोकही काही आठवडे कपड्याच्या स्पर्शाला हुळहुळे राहते. विरघळणारे टाके साधारण दोन ते तीन आठवड्यांत पडतात. संबंध आणि हस्तमैथुन चार ते सहा आठवडे टाळावे, म्हणून लग्न ठरलेल्या पुरुषाने शस्त्रक्रिया तिथीच्या किमान दोन महिने आधी उरकावी. दाबूनही न थांबणारा रक्तस्राव, वाढती लाली, पू, ताप किंवा लघवी न होणे, यांपैकी काही झाल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लायकेन स्क्लेरोसस निघाल्यास सुंतेनंतरही लघवीच्या धारेवर लक्ष ठेवून ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी लागते.